औषध कोणाच्या मालकीचें?

पापपुण्याचा हिशेब मांडण्याची जी पद्धत आपण लहानपणापासून शिकलेलों असतों, तिला चार गोष्टी लागतात. अपाय करणारा कोणी एक माणूस लागतो. त्यानें केलेलें एक कृत्य लागतें. त्या कृत्यामागें हेतु किंवा निदान निष्काळजीपणा लागतो. आणि ज्याचें नुकसान झालें असा दुसरा माणूस लागतो. न्यायालयाचा निवाडा काय किंवा घरांतील वडील माणसांनीं दिलेला ठपका काय, दोहोंचाहि आधार हाच असतो. परंतु अलीकडच्या काळांत कांहीं अपाय असे उद्भवले आहेत कीं, त्यांत माणसें खरोखर मरतात, तीं माणसांच्याच कृत्यांमुळें मरतात, आणि तरीहि कर्ता सांपडत नाहीं, हेतु सांपडत नाहीं, व ज्याच्याकडून हानि झाली त्याची व ज्याची हानि झाली त्याची उभ्या जन्मांत गांठ पडत नाहीं. अशा अपायाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आतां केवळ पंडितांच्या वादाचा राहिलेला नाहीं. तो आपल्या घरांतील औषधांच्या डब्यापर्यंत येऊन पोंचला आहे. प्रतिजैविक औषधांस, म्हणजे ज्यांस आपण बोलतांना अँटिबायोटिक म्हणतों त्यांस, न जुमानणारे जंतु रुग्णालयाच्या भिंती ओलांडून वस्तींत कसे आले, ही हकीकत या प्रश्नाचें फार बोलकें उदाहरण आहे. म्हणून तिचा येथें थोड्या विस्तारानें विचार करावयाचा आहे.

ज्या जंतूची ही हकीकत आहे, तो आपणांस अपरिचित नाहीं. केसाच्या मुळाशीं होणारें केसतूड, बोटाच्या टोकास ठणकणारें नखुर्डें, पापणीवरील रांजणवाडी, पाठीवर येणारें गळूं, या आजीबाईंच्या पोटिसानें बऱ्या होणाऱ्या दुखण्यांपैकीं बहुतेकांच्या मुळाशीं तोच असतो. ॲबर्डीन येथील अलेक्झांडर ऑगस्टन या शस्त्रवैद्यानें १८८० च्या सुमारास गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला, तेव्हां त्यास द्राक्षांच्या घोसाप्रमाणें एकत्र जमलेले वाटोळे जंतु दिसले. ग्रीक भाषेंतील द्राक्षघोसाच्या शब्दावरून त्यानें त्यांस स्टॅफिलोकोकस हें नांव दिलें. पुढें १८८४ मध्यें रोझेनबाख या जर्मन शस्त्रवैद्यानें त्यांतील सोनेरी रंगाच्या जातीस ‘ऑरियस’ म्हणजे सुवर्णवर्णी असें विशेषण जोडलें. निरोगी माणसांपैकीं सुमारें एकतृतीयांश लोकांच्या नाकांत हा जंतु कांहींहि त्रास न देतां राहत असतो. तो आपला भाडेकरूच आहे म्हटलें तरी चालेल. कातडीस चीर पडली किंवा अंगांतील शक्ति क्षीण झाली, म्हणजे मात्र तो आंत शिरतो. आणि रक्तांत, हाडांत किंवा फुप्फुसांत पोंचला म्हणजे भाडेकरू घरमालकाचा प्राणहि घेऊं शकतो.

प्रतिजैविक औषधांच्या इतिहासाशीं या जंतूचा संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९२८ मध्यें लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत ज्या काचेच्या बशींत बुरशीचा जंतुनाशक प्रभाव पाहिला, त्या बशींत वाढत असलेले जंतु स्टॅफिलोकोकसच होते. पुढें फ्लोरी, चेन व त्यांचे सहकारी यांनीं ऑक्सफर्ड येथें पेनिसिलिन वेगळें काढलें आणि फेब्रुवारी १९४१ मध्यें तें एका पोलीस शिपायास टोचलें. त्याचा चेहरा व डोळा याच जंतूनें आणि त्याच्या एका साथीदार जंतूनें चिघळून गेला होता. चार-पांच दिवसांत त्याचा ताप उतरला, भूक परत आली. पण ऑक्सफर्डकरांपाशीं होतें नव्हतें तेवढें पेनिसिलिन त्याच्यासाठीं संपलें. त्याच्या मूत्रांतून औषध पुन्हां वेगळें काढून तेंहि देण्यांत आलें, तरी तें पुरलें नाहीं; आणि मार्च महिन्यांत तो मरण पावला. औषधाचा तुटवडा माणसाचा प्राण कसा घेतो, याचा हा धडा होता. आज आपल्यापुढें जो तुटवडा उभा आहे तो निराळ्या जातीचा आहे. गोळ्या दुकानांत ढिगानें आहेत. कमी पडत चालला आहे तो त्यांच्यांतील गुण.

हा गुण कां कमी होतो, याविषयीं सुशिक्षित घरांतूनहि एक चुकीची समजूत आढळते. ‘माझ्या शरीरास त्या औषधाची संवय झाली,’ असें लोक म्हणतात. वस्तुतः संवय शरीरास होत नाहीं. कोट्यवधि जंतूंत एखाददुसरा असा निघतो कीं ज्यास औषध मारूं शकत नाहीं. त्याचे भाऊबंद मेले म्हणजे मोकळी झालेली सगळी जागा व सगळें अन्न त्याच्या वांट्यास येतें, आणि पुढें त्याचीच संतति वाढते. शिवाय जंतु आपली ही विद्या एकमेकांस देऊंहि शकतात. एका जातीनें मिळविलेला गुण दुसरीकडे जातो. पेनिसिलिनचा नाश करणारें एक द्रव्य कांहीं जंतूंपाशीं असतें, हें एब्रहॅम व चेन यांनीं १९४० मध्येंच, म्हणजे त्या शिपायास औषध टोचण्यापूर्वींच, प्रसिद्ध केलें होतें. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत मेरी बार्बर यांनीं केलेल्या पाहणींत पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस १९४६ मध्यें शेंकडा १४ होते. १९४७ मध्यें ते ३८ झाले आणि १९४८ मध्यें ५९. त्यांच्यावर उपाय म्हणून १९६० च्या सुमारास मेथिसिलिन हें नवें औषध आलें. त्यासहि न जुमानणारा जंतु इंग्लंडमध्यें सांपडल्याचें १९६१ मध्येंच प्रसिद्ध झालें. वैद्यकांत एम्. आर्. एस्. ए. या आद्याक्षरांनीं ओळखला जातो तो हाच. मेथिसिलिनचा वापर पुढें बंद पडला. परंतु पेनिसिलिनच्या कुळांतील व त्याच्या जवळच्या कुळांतील बहुतेक औषधें या जंतूपुढें निकामी ठरतात.

पुढें तीसएक वर्षें अशी समजूत होती कीं, हा जंतु रुग्णालयांतला रहिवासी आहे. ज्यांच्या अंगांत नळ्या आहेत, शस्त्रक्रियेच्या जखमा ओल्या आहेत, जे महिनोन्महिने खाटेवर पडून आहेत, त्यांस तो गांठतो. रुग्णालयाच्या दाराबाहेर पडलेला माणूस त्याच्यापासून सुटला, असें मानीत. ही समजूत १९९० नंतर ढांसळली. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील दूरच्या वस्त्यांत, रुग्णालयाशीं संबंध न आलेल्या लोकांत, तो आढळूं लागला. १९९९ मध्यें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें मिनेसोटा व नॉर्थ डाकोटा या राज्यांतील चार मुलांच्या मृत्यूची हकीकत प्रसिद्ध केली. हीं चारहि मुलें आजारापूर्वीं धडधाकट होतीं आणि रुग्णालयांत तो जंतु लागावा असें त्यांच्या बाबतींत कांहींच घडलेलें नव्हतें. बाहेरच्या या जंतूस पसरण्यासाठीं शस्त्रक्रियेची खोली लागत नाहीं. दाटीची वस्ती, अंगास लागणारें अंग, खरचटलेली कातडी, अनेकांनीं वापरलेला एक पंचा, अनेकांच्या गालावरून फिरलेला एक वस्तरा, एवढें त्यास पुरतें.

आणि दाटी म्हणजे काय, हें मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसास सांगावयास नको. वांद्र्याच्या स्थानकावर सकाळीं नऊ वाजतां कोणाचा हात कोणाच्या खांद्यास लागला, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. वांद्र्याच्या दक्षिणेस खाडी आहे आणि खाडीपलीकडे माहीम. तेथील हिंदुजा रुग्णालयांतील संशोधकांनीं २०१० मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत मुंबईंतील रोग्यांपासून मिळालेल्या एम्. आर्. एस्. ए. जंतूंचीं कुळें तपासलीं आहेत. जे प्रकार अन्यत्र बाहेरच्या वस्तींतले म्हणून ओळखले जात, तेच येथें रुग्णालयांत ठाण मांडूं लागल्याचें त्यांस आढळलें. त्यांपैकीं एका कुळास शास्त्रज्ञांनीं बंगालच्या उपसागराचें नांव दिलेलें आहे. हें कुळ भारतीय उपखंडांत उद्भवलें, एकाहून अधिक औषधांस तोंड देण्याची शक्ति त्यानें मिळविली, आणि प्रवास व कुटुंबांच्या भेटीगांठी यांच्या वाटेनें तें इतर देशांत पसरलें, असा निष्कर्ष २०१९ च्या एका संशोधनांत काढलेला आहे. पूर्वीं रोगाचा ओघ रुग्णालयाकडून घराकडे वाहतो असें मानीत; आतां तो दोन्ही बाजूंनीं वाहतो आहे. घर आणि रुग्णालय यांमधील जी भिंत आपण मनांत उभी केली होती, ती जंतूंनीं कधींच मानली नव्हती.

येथें मूळच्या प्रश्नाकडे वळूं. १९४५ मध्यें नोबेल पारितोषिक स्वीकारतांना दिलेल्या व्याख्यानांत फ्लेमिंग यांनीं एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणून अपुरें घेतो. त्यामुळें जंतु मरत नाहींत, उलट पेनिसिलिनशीं झगडावयास शिकतात. त्याच्यापासून ते त्याच्या बायकोस लागतात. तिला न्यूमोनिया होतो. पेनिसिलिन चालत नाहीं आणि ती मरते. तिच्या मृत्यूस कारण कोण, तर तो नवरा, असा फ्लेमिंग यांचा अभिप्राय होता. इशारा म्हणून ही गोष्ट मोलाची आहे. परंतु नीतीच्या दृष्टीनें ती फार सोपी आहे. तींत कर्ता एक आहे, बळी एक आहे, आणि दोघें एका छपराखालीं राहतात. प्रत्यक्षांत असें घडत नाहीं. वांद्र्यांतील एखाद्या गृहस्थानें सर्दीपडशावर घेतलेल्या चार गोळ्या, कुर्ल्यांतील कोणी अर्ध्यावर टाकलेल्या सहा गोळ्या, दूरच्या एखाद्या गांवीं कोंबड्यांच्या खाद्यांत मिसळलेलें औषध, अशा असंख्य कारणांनीं पोसलेला जंतु कांहीं वर्षांनीं तिसऱ्याच शहरांतील एका बाळंतिणीस गांठतो. तिच्या नातेवाइकांनीं कोणाकडे बोट दाखवावें? ज्यांनीं हें केलें त्यांपैकीं एकासहि आपण कांहीं केलें असें वाटणार नाहीं, आणि तसें न वाटण्यांत ते खोटें बोलत आहेत असेंहि म्हणतां येणार नाहीं. तेव्हां ‘दोषी कोण’ या वाटेनें गेल्यास आपण रित्या हातांनीं परत येतों. निराळा प्रश्न विचारला पाहिजे. आणि तो म्हणजे, औषध कोणाच्या मालकीचें?

आपण दुकानांत पैसे देतों, गोळ्यांची पट्टी घेतों, आणि ती आपली झाली असें समजतों. कागद, गोळी, तिच्यांतील भुकटी, हें सर्व आपलें झालें यांत शंका नाहीं. परंतु जंतु मारण्याचा जो गुण त्या गोळींत आहे, तो कांहीं त्या पट्टीपुरता मर्यादित नाहीं. तो जगांतील सर्व पट्ट्यांत मिळून एकच आहे. माझ्या वापरानें जंतु शहाणा झाला, तर शेजाऱ्याच्या कपाटांतील गोळी कुलुपांत असूनहि निकामी होते. सार्वजनिक मालकीच्या सर्वच वस्तु अशा नसतात. माहीम आणि वांद्रें यांमधील खाडीवरचा रस्ता लेडी आवाबाई जमशेटजी यांनीं आपल्या पैशानें बांधवून दिला. तो १८४५ मध्यें पुरा झाला. त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून कर घेऊं नये अशी त्यांची अट होती. अशा रस्त्यावरून एक माणूस गेला म्हणून दुसऱ्याचा रस्ता आंखूड होत नाहीं. पण पाटाच्या पाण्याचें तसें नाहीं. वरच्या शेतकऱ्यानें अधिक घेतलें, तर खालच्याचें पीक वाळतें. म्हणूनच धुळें जिल्ह्यांत पांझरेसारख्या नद्यांच्या बंधाऱ्यांवर फड पद्धति चालत आली. कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावयाचें तें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें, आणि पाटकऱ्यानें पाळीपाळीनें पाणी द्यावयाचें. जमीन ज्याची त्याची. पाणी मात्र सर्वांचें. प्रतिजैविक औषध हें रस्त्याच्या जातीचें नसून पाटाच्या पाण्याच्या जातीचें आहे, हें ओळखणें हीच या विषयांतील नीतीची पहिली पायरी आहे.

आपल्या देशांत ही ओळख अगदींच नव्हती असें नाहीं. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्यें पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें स्थापन झाला, आणि १९५५ मध्यें तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. औषध ही सर्व राष्ट्राची गरज असून तें सर्वांस परवडेल असें मिळालें पाहिजे, हा त्यामागील विचार होता, व तो योग्यच होता. त्यांतील अर्धा भाग, म्हणजे औषध सर्वांपर्यंत पोंचविण्याचा, आपण बराच पुढें नेला. दुसरा अर्धा भाग, म्हणजे सर्वांनीं मिळून तें जपण्याचा, तेथेंच राहिला.

आतां या विचारावरील आक्षेप पाहूं. कारण ते पोकळ नाहींत. पहिला आक्षेप आईचा आहे. मध्यरात्रीं मुलाचें अंग तापलें आहे, आणि अशा वेळीं तिनें समाजाचा, पुढच्या पिढीचा, कोणा अनोळखी बाळंतिणीचा विचार करावा, असें तिला सांगणारा मनुष्य नीतिमान् ठरेल कीं निर्दय? आमच्या मतें, आईनें मुलाचाच विचार करावा. पण तेवढा विचार नीट केला, तरी बहुतेक प्रसंगीं विरोध उरतच नाहीं. सर्दी, पडसें, फ्ल्यू, मुलांचे बहुतेक साधे ताप हे विषाणूंमुळें येतात आणि विषाणूंवर प्रतिजैविकाचा कांहींहि उपयोग होत नाहीं; उलट पोटांतील निरुपद्रवी जंतु मरतात, जुलाब होतात, आणि जे उरतात ते औषधास सरावलेले. लहानशा गळवावरहि मुख्य उपाय म्हणजे डॉक्टरनें चीर देऊन पू काढून टाकणें हा आहे. पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें. आणि जेथें औषध खरोखर हवें, न्यूमोनियांत, रक्तांत पसरलेल्या विषांत, तेथें तें विनासंकोच द्यावें. तें देणें हाच त्याचा सदुपयोग आहे. तेथें काटकसर करणें हें पाप होईल.

परंतु या दोहोंच्या मध्यें एक धूसर पट्टा आहे, आणि खरा नैतिक पेंच तेथेंच आहे. रोग कशामुळें आहे तें कळलेलें नाहीं. तपासणीचें उत्तर दोन दिवसांनीं येणार. समोरचा रोगी कण्हतो आहे. डॉक्टरची शपथ समोरच्या रोग्याशीं बांधलेली असते. जो रोगी अजून आलेलाच नाहीं त्याची बाजू मांडण्यास त्या खोलींत कोणी नसतें. येथें एकट्या डॉक्टरच्या सदसद्विवेकावर सगळा भार टाकणें अन्यायाचें आहे आणि निरुपयोगीहि आहे. वांद्र्याच्या शेजारीं मिठी नदीपलीकडे धारावी आहे. तेथील खाजगी डॉक्टरांची एक पाहणी २०१० मध्यें प्रसिद्ध झाली. रोग क्षयाचा, म्हणजे जंतु निराळा. पण बोध तोच. १०६ डॉक्टरांनीं एकाच रोगासाठीं ६३ निरनिराळ्या प्रकारांनीं औषधें लिहून दिलीं, आणि त्यांतील अवघीं ६ बरोबर होतीं. हे सारे डॉक्टर वाईट मनुष्यें होते असें कोण म्हणेल? प्रत्येकानें आपल्या रोग्याचें बरेंच चिंतिलें असेल. पण सदिच्छा १०६ आणि रीति ६३, याचा अर्थ इतकाच कीं, एकत्र ठरविलेला नियम नसला म्हणजे सदिच्छाहि जंतूंच्याच पथ्यावर पडते.

दुसरा आक्षेप गरिबाचा आहे, आणि तो अधिक बोंचणारा आहे. वांद्रें स्थानकाला लागून असलेल्या बेहरामपाड्यांतील रोजंदारीवरचा मजूर तापानें फणफणला असतां डॉक्टरची फी, रक्ताची तपासणी आणि तीन दिवसांची विश्रांति या तिन्ही गोष्टी त्यास परवडत नाहींत. औषधांच्या दुकानांतून दोन गोळ्या घेऊन उद्यां कामावर जाणें एवढेंच त्याच्या हातीं असतें. ज्यास घरीं निजून राहण्याची चैन करतां येते त्या आपल्यासारख्यांनीं त्यास संयमाचा उपदेश करणें शोभत नाहीं. आंकडेहि हेंच सांगतात. २०१० मध्यें प्रतिजैविकांचा एकूण वापर जगांत सर्वांत अधिक भारतांत झाला, सुमारें १२९० कोटी मात्रा. पण माणशीं पाहिलें तर भारतांत १०.७ आणि अमेरिकेंत २२. म्हणजे आपल्याकडे एकीकडे उधळपट्टी आहे आणि दुसरीकडे दुष्काळ. यावरून कर्तव्याचें माप ठरवितां येतें. ज्याला जितकी निवड करण्याची मोकळीक, त्यावर तितका भार. डॉक्टरकडे जाण्याची ऐपत असून दूरध्वनीवर भाच्याला विचारून औषध आणणारा गृहस्थ, ‘साहेब, चांगलें जोराचें औषध द्या’ म्हणून हट्ट धरणारा रोगी, आणि रोगी दुसऱ्या दवाखान्यांत जाईल या भीतीनें तो हट्ट पुरविणारा डॉक्टर, यांची जबाबदारी त्या मजुराहून कितीतरी अधिक आहे. त्या मजुरास उपदेशापेक्षां जवळचा सरकारी दवाखाना, स्वच्छ पाणी आणि आजारपणांतला पगार यांची गरज आहे. आणि तीं मिळवून देणें हें आपलें कर्तव्य या विषयाच्या बाहेरचें मानतां येणार नाहीं.

तिसरा आक्षेप थेंबाचा. ‘समुद्रांत माझा एक थेंब तो काय? मी एकट्यानें पथ्य पाळल्यानें जंतु मागें हटणार आहेत थोडेच?’ हा युक्तिवाद मतदानापासून करभरण्यापर्यंत सर्वत्र ऐकूं येतो. त्यांतील चूक अशी कीं, जी बेरीज केवळ थेंबांचीच झालेली आहे, तींत थेंबाला शून्य म्हणतां येत नाहीं. २०१९ या एका वर्षांत औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लक्ष ७० हजार मृत्यु झाले, आणि त्यांपैकीं एक लक्षाहून अधिक एकट्या एम्. आर्. एस्. ए. च्या वांट्याचे होते, असा अंदाज २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला. हे सर्व मृत्यु थेंबांच्या बेरजेनेंच झाले. उलट, वजाबाकीहि होऊं शकते. इंग्लंडमध्यें रक्तांत पसरणाऱ्या एम्. आर्. एस्. ए. चे रोगी निम्म्यावर आणावयाचे असें २००४ मध्यें ठरलें. हात धुण्याची शिस्त, रोग्यांची तपासणी आणि प्रत्येक रुग्णालयाचे आंकडे उघड करणें, अशा उपायांनीं २००८ पर्यंत तें साधलें. नेदरलँडमध्यें शोध घेऊन वेगळें ठेवण्याची पद्धति कसोशीनें पाळल्यामुळें हें प्रमाण शेंकडा पांचाहूनहि बरेंच खालीं राहिलेलें आहे. आपल्याकडे २००८-०९ मध्यें १५ मोठ्या रुग्णालयांत झालेल्या पाहणींत तें शेंकडा ४१ भरलें. जंतु दोन्हीकडे तेच आहेत. फरक माणसांच्या वागणुकींत आहे.

मग हा नियम घालावयाचा कोणीं? सरकारनें कांहीं पाऊल उचललें आहे. मार्च २०१४ पासून अनुसूची एच्-१ अमलांत आली; तींत आरंभीं ४६ औषधें घातलीं गेलीं. तीं विकतांना दुकानदारानें डॉक्टरचें व रोग्याचें नांव वहींत लिहून ती वही तीन वर्षें ठेवावी, असा नियम झाला. नियम चांगला आहे. पण चिठ्ठीवांचून गोळ्या मिळणारें दुकान वाचकांपैकीं कोणाच्याच पाहण्यांत नसेल, असें आम्हांस वाटत नाहीं. लोकांच्या मनांत न रुजलेला नियम वहींतच राहतो. आणि केवळ दंडाच्या जोरावर आरोग्य राखूं पाहिल्यास काय होतें, हें महाराष्ट्रास ठाऊक आहे. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. आकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. पुढच्या वर्षीं पुण्यांत गोरे सोजीर तपासणीसाठीं घरांत घुसले, देवघरें व स्वयंपाकघरें तुडविलीं गेलीं, आणि त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबावर झाडलेल्या गोळ्यांत झाला. रोग थांबविण्याचा हेतु योग्य असूनहि लोक त्या कामांत भागीदार नव्हते. त्याच प्लेगच्या काळांत वांद्र्याच्या जुन्या गांवठाणांत लोकांनीं गल्ल्यांच्या तोंडाशीं क्रूस उभारले. त्यांतील कित्येक अद्याप उभे आहेत. क्रुसानें प्लेगचा जंतु मरत नाहीं, हें आज आपण जाणतों. तरीहि त्या लोकांस एक गोष्ट कळली होती, जी आपण विसरलों आहों: सांथ ही घराघरांची वेगवेगळी विपत्ति नसून सगळ्या गल्लीची आहे, आणि तिच्यावरचा उपाय घराच्या कपाटांत न ठेवतां गल्लीच्या तोंडाशीं उभा करावा लागतो. त्यांच्यापाशीं ही जाणीव होती, औषध नव्हतें. आपल्यापाशीं औषध आहे. जाणीव मात्र आपणांस नव्यानें मिळवावी लागेल.

ती मिळविण्याचा आरंभ सुशिक्षित कुटुंबांपासून व्हावा, असें आम्हांस वाटतें; कारण निवडीची मोकळीक त्यांनाच अधिक आहे. करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत आणि मोठ्या नाहींत. डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून प्रतिजैविक घेऊं नये व दुसऱ्यास देऊं नये. डॉक्टरनें ‘आज औषधाची गरज नाहीं, दोन दिवस वाट पाहूं’ असें म्हटलें, तर त्यास कमी हुशार समजूं नये. तो अधिक धीराचा आहे. औषध घेतलें तर सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावें. आपल्या मनानें आधीं थांबवूं नये, आणि बरें वाटलें तरी खबरदारी म्हणून वाढवूंहि नये. फ्लेमिंग यांनीं अपुऱ्या मात्रेचा धोका सांगितला होता. नव्या संशोधनानें वाजवीपेक्षां लांबलेल्या औषधाचाहि धोका दाखविला आहे, कारण तेवढे दिवस अंगांतील निरुपद्रवी जंतूहि औषधाशीं झगडावयास शिकत असतात. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठीं डब्यांत सांठवूं नयेत. पंचा, वस्तरा ज्याचा त्याचा असावा. जखम झांकलेली असावी. हात साबणानें धुवावेत. यांत त्याग असा नाहींच. फार तर एखाद्या रात्रीचा धीर आहे.

आणि हा धीर कोणासाठीं धरावयाचा, याचें उत्तर आपल्या परंपरेंतहि मिळतें. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो, असें आपल्याकडे मानीत आले. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण यांच्या जोडीस शतपथ ब्राह्मणानें मनुष्यांचेंहि ऋण सांगितलें आहे. यांतील ऋषिऋणाची रीत मोठी मार्मिक आहे. ज्यांच्यापासून ज्ञान मिळालें त्यांस तें परत देतां येत नाहीं. तें पुढच्यास देऊनच त्यांचें ऋण फिटतें. पेनिसिलिनची गोष्ट तशीच आहे. ज्यांनीं तें शोधलें ते गेले. औषध अपुरें पडून ज्यानें प्राण सोडला तो ऑक्सफर्डचा शिपाईहि गेला. त्यांस परत देण्याजोगें आपल्यापाशीं कांहीं नाहीं. त्यांच्याकडून आलेल्या औषधाचा गुण शक्य तितका शाबूत ठेवून पुढच्या माणसाच्या हातीं देणें, एवढेंच आपणांस करतां येईल. तो पुढचा माणूस कोण असेल तें आपणांस कळणार नाहीं; त्यासहि आपलें नांव कळणार नाहीं. एखाद्या रात्रीं त्याचा ताप औषधानें उतरेल, सकाळीं तो अंथरुणावर उठून बसेल व चहा मागेल, आणि त्याच्या घरच्यांस यांत कांहीं विशेष घडलें असें वाटणारहि नाहीं.